अहवाल यायचा आहे

खुनाच्या मालिकेत खुनी कोण हे मला चौथ्या भागात कळले काय आणि दहाव्यात कळले काय, फारसे बिघडत नाही. माझे लक्ष भलतीकडेच असते. प्रेत सापडले कधी, पंचनामा झाला कधी, शवचिकित्सा कधी, अहवाल हातात पडला कधी. हा हिशेब मी मनातल्या मनात मांडत बसते आणि तो जिथे चुकतो तिथे माझे त्या मालिकेवरचे मन उडते. मग नायक कितीही देखणा असो आणि पार्श्वसंगीत कितीही घुमो.

ही खोड नोकरीने लावली. गोव्यातल्या एका मराठी दैनिकात मी उपसंपादक होते आणि बरीच वर्षे रात्रपाळीला गुन्ह्यांच्या बातम्या माझ्या टेबलावर यायच्या. विहिरीत पडून मृत्यू, भाड्याच्या खोलीत संशयास्पद मृत्यू, किनाऱ्यावर विदेशी पर्यटकाचा मृत्यू. शेवटचे वाक्य ठरलेले: ‘मृतदेह शवचिकित्सेसाठी गोमेकॉत पाठवण्यात आला असून व्हिसेरा राखून ठेवण्यात आला आहे.’ गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगते, गोमेकॉ म्हणजे बांबोळीचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय. आणि व्हिसेरा राखून ठेवतात म्हणजे जठर, यकृत, मूत्रपिंड यांचे तुकडे मिठाच्या संपृक्त द्रावणात घालून बरणी मोहोरबंद करतात आणि रासायनिक तपासणीला पाठवतात. वेर्ण्याला राज्याची न्यायवैद्यक प्रयोगशाळा झाली ती अलीकडे. त्याआधी या बरण्या परराज्यात जायच्या आणि तिथल्या रांगेत पडून राहायच्या. इकडे बातमी शिळी व्हायची. मेलेल्याचा भाऊ कधीतरी कचेरीत फोन करून विचारायचा, ‘बाय, ताचें कितें जालें?’ मी पोलीस स्थानकाला फोन लावायचे. पलीकडून उत्तर यायचे, अहवाल यायचा आहे.

तेव्हापासून गुन्ह्याच्या मालिकेला मी एकच विचारते: तुझ्यात थांबायला जागा आहे का? विज्ञानकाल्पनिकांनाही हल्ली मी तेच विचारू लागले आहे. तिथे अहवालाच्या जागी यान असते, एवढेच.

‘सीआयडी’पासून सुरुवात करू, कारण तिच्यावाचून कुणाची सुटका नाही. १९९८ ला सुरू झाली, २०१८ ला थांबली, २०२४ च्या डिसेंबरात परत आली. डॉ. साळुंखे परीक्षानळी हलवतात, पाण्याचा रंग बदलतो आणि विष कोणते, पोटात कधी गेले, कुठे विकत मिळते, सगळे जागच्या जागी कळते. मी कुरकुर केली की मांय, म्हणजे माझ्या सासूबाई, मला गप्प करायच्या. त्यांना प्रयोगशाळेशी काही देणेघेणे नव्हते. त्यांचा जीव दारांत अडकलेला. दयाने लाथ घालून दार पाडले की त्या हळहळायच्या, ‘बरें सागवानी दार मोडलें मगो! ताचे पयशे कोण दितलो?’ चवथीच्या आधी घराच्या दारांना स्वतः बसून तेल लावणारी बाई ती. मला तो प्रश्न त्या मालिकेवर झालेल्या सगळ्या थट्टेपेक्षा मोलाचा वाटतो. पोलीस आले, दार मोडले, खुनी सापडला, शिवाजी साटमांनी हवेत बोटे फिरवली, भाग संपला. त्या मोडक्या दाराच्या घरात रात्री कोण झोपले?

साटम मला त्याआधीचे जास्त आवडायचे. मुंबईला मामाकडे गेले की दूरदर्शनवर ‘एक शून्य शून्य’ बघायला मिळे. तीही बी. पी. सिंग यांचीच. त्या मालिकेतले पोलीस दमलेले दिसायचे. एसीपी प्रद्युम्न वीस वर्षांत एकदाही दमला नाही, आणि माझी तक्रार असली तर तेवढीच आहे.

रहस्य आधीच सांगून टाकले तरी माणूस दीड तास खिळून बसतो हे मला ‘कोलंबो’ने दाखवले. पहिल्या काही मिनिटांतच खून आपल्या डोळ्यांदेखत होतो. खुनी श्रीमंत, हुशार, स्वतःवर खूश. मग मळका रेनकोट घातलेला पोलीस कोलंबो, म्हणजे पीटर फॉक, येतो, वेंधळ्यासारखे प्रश्न विचारतो, निघतो, आणि दारातून वळून म्हणतो, ‘हां, एक राहिलंच.’ १९७१ साली ही नियमित सुरू झाली तेव्हा तिचा पहिला भाग तरुण स्टीव्हन स्पीलबर्गने दिग्दर्शित केला होता. तिथे ‘कोण’ हा प्रश्न उरतच नाही. उरते ते खुन्याचे ताटकळणे. हा माणूस पुन्हा कधी येईल, पुढच्या खेपेला काय विचारील. अपराध्याला वाट बघायला लावणारी मालिका मी दुसरी पाहिलेली नाही.

आपल्याकडे वेबमालिका आल्या आणि पोलीस एकदम माणसांत आले. ‘दिल्ली क्राइम’चा पहिला हंगाम फक्त सात भागांचा, २०१२ च्या दिल्लीतल्या प्रकरणावर. शेफाली शाहची वर्तिका चतुर्वेदी घरी जातच नाही. ठाण्यात वीज जाते, माणसे खुर्च्यांवर डुलक्या काढतात, एका पथकाला दूर गावी पाठवायचे तर गाडी आणि पैसा कुठून आणायचा ही पंचाईत. २०२० मध्ये तिला सर्वोत्तम नाट्यमालिकेचा आंतरराष्ट्रीय एमी मिळाला. भारतीय मालिकेला तो पहिल्यांदाच मिळत होता. मला मात्र त्यातली एकच गोष्ट खटकते. सगळे पोलीस मनाने इतके निर्मळ कसे? रात्री साडेअकराला पोलीस स्थानकात फोन लावून बघितलेल्या माणसाला हे पचत नाही.

आणि मग ‘दहाड’. २०२३ सालची, आठ भागांची. राजस्थानातल्या छोट्या गावातली उपनिरीक्षक अंजली भाटी एका बेपत्ता मुलीचा माग काढत जाते आणि तिच्या लक्षात येते की अशा मुली अनेक आहेत. सगळ्यांना लग्नाचे आमिष दाखवलेले, सगळ्या गरीब घरच्या, लग्नाचे वय ओलांडत चाललेल्या. घरच्यांनी बहुतेकींची तक्रारच केलेली नाही. मुलगी पळून गेली, बोभाटा कशाला? प्रेते वेगवेगळ्या गावांत सापडतात आणि आत्महत्या म्हणून फाइल बंद होते. एकीचा धागा दुसरीशी जोडायला कोणी बसलेलेच नाही.

ती बघताना फोंडा तालुक्यातल्या कुठल्याही माणसाला शिरोडा आठवेल. २००९ साली एका रिक्षाचालकाला अटक झाली आणि हळूहळू बाहेर आले की १९९४ पासून त्याने सोळा बायकांचे खून केल्याचा आरोप आहे. लग्नाचे वचन, अंगावर दागिने घालून ये म्हणून सांगणे, दुपट्ट्याने गळा आवळणे. पंधरा वर्षे! पुढे बरेच खटले पुराव्याअभावी टिकले नाहीत, काहींत जन्मठेप झाली. अटकेच्या बातमीने पानेच्या पाने भरली. पण त्याआधीच्या पंधरा वर्षांत बेपत्ता मुलींच्या बातम्या कशा छापल्या जायच्या ते मला डोळ्यांसमोर दिसते. आतल्या पानावर, एका स्तंभात, जाहिरातीच्या वर उरलेल्या जागेत. टपाल तिकिटाएवढा फोटो, शाई पसरून काळवंडलेला. ‘वय २७, रंग गव्हाळ, बांधा मध्यम, उंची पाच फूट, घरातून जाताना अंगावर पिवळा सलवार कमीज.’ खाली पोलीस स्थानकाचा दूरध्वनी क्रमांक. पानावर जागा कमी पडली की सगळ्यात आधी हाच मजकूर उद्यावर जायचा. सगळ्याच दैनिकांत तीच रीत होती.

‘दहाड’ मला म्हणूनच मोठी वाटते. तिने खुनी पहिल्या एकदोन भागांतच दाखवून टाकला. विजय वर्मा, शांत, सभ्य, कॉलेजात साहित्य शिकवणारा. मग सगळी ताकद खर्च केली ती कागदांवर: जुन्या तक्रारी, दुसऱ्या जिल्ह्यातल्या फायली, कोणी न विचारलेले प्रश्न. अंजलीच्या घरी आई तिच्यासाठी स्थळांचे फोटो काढून बसलेली असते. ज्या घाईने त्या मुलींचा जीव घेतला तीच घाई तपास करणारीच्या घरात. संवादांत कुणी हे बोलून दाखवत नाही, हे त्याहून बरे.

आता याच्या उलट टोक. ‘देवमाणूस’ झी मराठीवर २०२० मध्ये सुरू झाली तेव्हा आमच्या वाड्यावर रात्री रस्ते ओस पडत. गावातला गोड बोलणारा डॉक्टर खुनांमागून खून करतो, आणि गावाला पत्ता नाही. विषय ‘दहाड’च्याच घराण्यातला. किरण गायकवाडने काम झकास केले होते. पण रोजच्या मालिकेची गोची अशी की खुनी पकडला तर उद्या काय दाखवायचे? म्हणून तो सुटतो. पुरावा जळतो, साक्षीदार बेशुद्ध पडतो, इन्स्पेक्टरची बदली होते. मी वाट बघायला तयार असते, पण वाट बघणे वेगळे आणि ताणणे वेगळे. लांबवलेल्या भागाने माणूस झोपतो. ‘रात्रीस खेळ चाले’चेही तेच झाले. २०१६ ची पहिली मालिका आकेरीच्या वाड्यात घडत होती, म्हणजे आमच्या सीमेपलीकडे हाकेच्या अंतरावर. ती मालवणी, ती पडवी, रात्री वाडीत टॉर्च घेऊन जाणारी माणसे. पहिले दोन महिने मी खरोखर घाबरले होते. नंतर नुसतेच दचकवणे उरले. मराठीत मोजक्या भागांत गोष्ट सांगून मोकळी झालेली म्हणून ‘रुद्रम’चे नाव घ्यावे लागते. २०१७, झी युवा, मुक्ता बर्वे. ती वेळेत संपली आणि म्हणूनच लक्षात राहिली.

वर्तमानपत्रवाल्यांनी बघावी अशी एक मालिका आहे. ‘ब्रॉडचर्च’, ब्रिटनमधली, २०१३. समुद्रकाठचे छोटे गाव, उन्हाळ्यात पर्यटकांवर जगणारे. किनाऱ्यावर अकरा वर्षांच्या मुलाचे प्रेत सापडते. तपास करणारी एली मिलर त्याच गावची, मेलेल्याच्या आईची मैत्रीण. गावातला तरुण वार्ताहर घाईने मुलाचे नाव ट्वीट करून टाकतो, आणि हा वार्ताहर एलीचा भाचा. मग बाहेरचे पत्रकार उतरतात. हॉटेलवाली बाई धंदा बुडेल म्हणून धास्तावते. वर्तमानपत्रे विकणाऱ्या म्हाताऱ्याची जुनी शिक्षा कुणीतरी उकरून काढते, पहिल्या पानावर छापते, गाव त्याच्या दुकानासमोर जमते आणि म्हातारा जीव देतो. तो निर्दोष होता. मला आठवते, हा भाग मी रात्री बघितला आणि पुढचा भाग आपोआप सुरू होऊ नये म्हणून रिमोट शोधत बसले. किनारा, पर्यटक, बाहेरून आलेले कॅमेरे, ‘आमच्या गावाची बदनामी’ म्हणणारे पुढारी. यातले काहीही गोव्यात नवे नाही. नवे होते ते हे, की त्या मालिकेने म्हाताऱ्याला खुन्यापेक्षा जास्त वेळ दिला.

‘द वायर’ या अमेरिकन पोलीस मालिकेबद्दल इतके लिहिले गेले आहे की मी थोडक्यात आटोपते. तिचा दुसरा हंगाम अनेकांना कंटाळवाणा वाटतो, कारण तो अचानक बाल्टिमोरच्या गोदीत जातो. मला तोच सगळ्यात जवळचा. जहाजे कमी झालेली, कामगार रोज सकाळी येऊन बसतात, आठवड्यातले दोन दिवस काम मिळते, आणि त्या रिकाम्या दिवसांतून चोरटा धंदा उगवतो. २०१२ च्या सप्टेंबरात गोव्यात खाणी बंद झाल्या, ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला. मांडवीत बार्जी नांगरून पडल्या. डिचोली-साखळीकडे अंगणाअंगणांत ट्रक उभे, टायरांखाली गवत आलेले, बँकेचे हप्ते चालू. कुणी त्यावर मालिका केली नाही. इथे मालिका करायला येणाऱ्यांना समुद्र दिसतो, खनिज दिसत नाही.

‘द एक्सपान्स’ मला भावली ती याच रस्त्याने. २०१५ ते २०२२, सहा हंगाम. माणूस मंगळावर पोहोचला आहे, लघुग्रहांच्या पट्ट्यात खाणी चालवतो आहे. पट्ट्यात जन्मलेल्या खाणकामगारांची हाडे कमी गुरुत्वाकर्षणात लांब आणि कमकुवत झालेली. त्यांना पाणी आणि हवाही मोजून मिळते, आणि नफा जातो पृथ्वीला. त्यांची भाषा दहा भाषांचे गाठोडे, ती त्या मालिकेसाठी एका भाषातज्ज्ञाने रचली. आणि या सगळ्याची सुरुवात कशाने होते? सेरेसवरच्या मिलर नावाच्या पोलिसाला एका श्रीमंताची बेपत्ता मुलगी शोधायचे काम मिळते. पुन्हा बेपत्ता मुलगी! एवढे मोठे अंतराळ, पण शिरायचे दार पोलीस ठाण्यातूनच.

त्यात विज्ञानाचा मान किती ठेवलाय बघा. यान निम्मे अंतर वेग वाढवत जाते, मग मध्यावर उलटे वळते आणि उरलेले अंतर वेग कमी करत जाते, कारण अवकाशात ब्रेक लावायला रस्ता नाही. निरोप प्रकाशाच्या वेगाने जातो, त्याहून लवकर नाही. पृथ्वीवरून मंगळावर एक वाक्य पोहोचायला, ग्रह कुठे आहेत त्यावर, तीन ते बावीस मिनिटे. म्हणून लोक बोलत नाहीत, निरोप रेकॉर्ड करून पाठवतात आणि उत्तराची वाट बघतात. आखाती देशांत गेलेल्या मुलांच्या कॅसेटी घरी यायच्या तो काळ ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे समजावून सांगावे लागत नाही. लहानपणी दूरदर्शनवर रविवारी सकाळी ‘स्टार ट्रेक’ लागायची. तिथे माणसे चकाकत विरघळायची आणि दुसऱ्या ग्रहावर उभी राहायची. यान प्रत्येक वेळी ग्रहावर उतरवायचे तर चित्रीकरणाचा खर्च परवडणारा नव्हता, म्हणून ही युक्ती काढली होती. खर्च वाचला आणि थांबणेही गेले. प्रेम मात्र माझे त्या मालिकेवर अजून आहे, ते मिस्टर स्पॉकमुळे.

जर्मन ‘डार्क’ हे माझ्या दोन्ही आवडींचे लग्नच म्हणायचे. २०१७ ते २०२०, तीन हंगाम. विंडेन नावाच्या गावात अणुवीजकेंद्र, जंगल, एक गुहा. २०१९ मध्ये पोलीस अधिकारी उलरिखचा धाकटा मुलगा नाहीसा होतो. १९८६ मध्ये त्याचा धाकटा भाऊही असाच गेलेला. साधी पोलिसी गोष्ट वाटते, आणि मग गुहेतले दार उघडते. काळ तेहेतीस वर्षांच्या फेऱ्यात बांधला आहे: १९५३, १९८६, २०१९. हा आकडा हवेतून आणलेला नाही. चांद्रवर्ष सौरवर्षाहून सुमारे अकरा दिवसांनी लहान, तो फरक साठत जाऊन तेहेतीस वर्षांत जवळपास आख्खे वर्ष भरतो आणि सूर्य-चंद्राचा हिशेब पुन्हा जुळतो. आपल्या पंचांगवाल्यांनी एवढी वाट बघितली नाही. साधारण साडेबत्तीस महिन्यांनी अधिक महिना घातला, जावयाला तेहेतीस अनारसे दिले आणि प्रकरण मिटवले. विंडेनमध्ये अनारसे करणारी एखादी सासू असती तर तीन हंगामांचा घोळ टळला असता.

गंमत सोडून बोलते. ‘डार्क’मध्ये कोण कुणाचा बाप आणि कोण कुणाची आजी हे लक्षात ठेवायला लोकांनी वंशावळी काढून भिंतीवर लावल्या. मला तो त्रास झाला नाही. गोव्यातल्या वाड्यावर वाढलेल्या माणसाला प्रत्येक जण प्रत्येकाचा कोण लागतो हे पाठ करावेच लागते, नाहीतर लग्नाच्या पत्रिका वाटताना फजिती होते. त्या मालिकेतले भौतिकशास्त्र तिसऱ्या हंगामात माझ्या हातून निसटले. पण एका आईचे मुलाच्या खोलीत जाऊन बसणे, आणि आपल्याला माहीत असणे की मुलगा जिवंत आहे, फक्त १९८६ मध्ये आहे, हे कुठल्याही समीकरणावाचून कळते.

‘थ्री बॉडी प्रॉब्लेम’ (२०२४ चे, इंग्रजी) त्याही पुढे गेले. शास्त्रज्ञ एकामागून एक आत्महत्या करतात, एक खमक्या पोलीस तपासाला लागतो, आणि मागे सापडतात परग्रहवासी. ते पृथ्वी ताब्यात घ्यायला निघाले आहेत, पोहोचतील चारशे वर्षांनी. म्हणजे आरोपी माहीत, हेतू माहीत, गुन्हा अजून व्हायचा आहे. मला वाटते थांबण्यावर यापेक्षा मोठी कल्पना कुणी मांडली नसेल. मालिकेने मात्र ती बैठकीच्या खोलीतल्या गप्पांत वाया घालवली. चारशे वर्षे म्हणजे किती हे त्यांना कुणी गोव्यात येऊन विचारायला हवे होते. १५१० ते १९६१, आम्ही ४५१ मोजली आहेत.

मराठीत अशी मालिका का नाही, हा प्रश्न मला डाचतो. वाचक तर केव्हाचा तयार आहे. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला ‘कृष्णविवर’ नावाची कथा आली, लेखक नारायण विनायक जगताप. बक्षीस मिळाले तेव्हा कळले की हे जयंत विष्णु नारळीकर, आद्याक्षरे उलटी करून बसलेले. कृष्णविवराजवळ काळ संथ होतो, एवढ्या एका सत्यावर केवढी गोष्ट उभी राहते! त्याला पन्नास वर्षे उलटली. आमच्या वाहिन्या अजून सुनेच्या दुधात काय मिसळले यावरच आहेत. खर्चाचे कारण सांगतात, ते मला पटत नाही. काळ संथ करायला महागडे चित्रीकरण लागत नाही, एक घड्याळ आणि एक चांगली नटी पुरे.

हिंदीत एकदा प्रयत्न झाला आणि तोही चक्क गोव्यात. ‘ओके कॉम्प्युटर’, २०२१, सहा भाग. साल २०३१, उत्तर गोव्यातले शांत गाव. चालकाविना धावणारी टॅक्सी कुणीतरी हॅक करते आणि ती एका माणसाला चिरडून मारते. गुन्हा कुणाचा? गाडीचा, गाडी बनवणाऱ्याचा, की आणखी कुणाचा? तपासाला विजय वर्मा, हो, ‘दहाड’मधला तोच, इथे वैतागलेला पोलीस. सोबत राधिका आपटे आणि अजीब नावाचा यंत्रमानव.

ही मालिका मी माझ्या दिराच्या मुलाबरोबर बघितली. तो पर्यटक टॅक्सी चालवतो, हल्ली बहुतेक मोपा विमानतळावर असतो. रांगेत नंबर यायला तासन्‌तास लागतात, त्या वेळात त्याने मोबाइलवर माझ्या दुप्पट मालिका संपवल्या आहेत. ‘मनी हाइस्ट’ त्याने तिथेच बघितली, ‘मिर्झापूर’ही. टॅक्सीने माणूस मारला तेव्हा तो हलला नाही. चालक नाही म्हटल्यावर मात्र ताठ बसला. ‘काकी, ड्रायव्हरूच ना जाल्यार स्टँडार नंबर कोण लायतलो?’ मी म्हटले, नंबरच नसेल, फोनवरून बोलावतील. तो हसत सुटला. ज्या राज्यात टॅक्सीला मीटर बसवावा की नाही, अॅपवर गाडी धाडावी की नाही यावर वर्षानुवर्षे मोर्चे, निवेदने आणि विधानसभेत गदारोळ झाले, तिथे २०३१ पर्यंत बिनचालक टॅक्सी येते आणि संघटना गप्प बसते? यंत्रमानवाला आत्मभान येते हे त्याने मुकाट मान्य केले. हे नाही केले.

आणि त्याचे बरोबर आहे. विज्ञानकाल्पनिकेत एक अशक्य गोष्ट फुकट मिळते, बाकी सगळे तिथल्या माणसांच्या स्वभावाप्रमाणे चालले पाहिजे. आयझॅक आसिमोव्हला एका संपादकाने सांगितले होते म्हणे की विज्ञानकथेत गुप्तहेर चालणार नाही, कारण ऐनवेळी तो खिशातून नवीन यंत्र काढून गुन्हा सोडवील. आसिमोव्हने यंत्रमानवाचे नियम आधी सांगून टाकले आणि त्याच नियमांत राहून खुनाची गोष्ट लिहून दाखवली. ‘ओके कॉम्प्युटर’चे पहिले दोन भाग मला फार आवडले, विनोद तिरका आहे, नंतर ती स्वतःच्याच हुशारीत हरवते. टॅक्सी स्टँड दाखवला असता तर तरली असती. ‘ब्लॅक मिरर’चा तो ताऱ्यांचा भाग, जिथे प्रत्येक माणूस दुसऱ्याला पाचपैकी गुण देत फिरतो, तो पुतण्याला मी दाखवला. त्याला त्यात काही काल्पनिक वाटले नाही.

ओटीटीने एक नवीनच थांबणे आणले आहे. ‘पाताल लोक’चा पहिला हंगाम २०२० च्या मेमध्ये, दुसरा २०२५ च्या जानेवारीत. हाथीराम चौधरी परत आला तेव्हा आनंद झाला, पण अन्सारी कोण आणि कुठल्या प्रकरणात काय झाले होते, सगळे पुसले गेलेले. पहिला हंगाम पुन्हा बघावा लागला. यापेक्षा आमचा व्हिसेरा बरा. दुसरा हंगाम नागालँडमध्ये नेला हे आवडले, आणि जयदीप अहलावतचा तो थकलेला चालण्याचा ढंग अजून तसाच आहे.

गोव्याची मालिका कुणी करणार असेल तर ड्रोनमधून टिपलेला किनारा नको, रेव्ह पार्टी नको, रशियन माफिया तर नकोच. डिचोलीकडचा गाव घ्या, बंद पडलेली खाण, तिच्यात साठलेले हिरवे पाणी, आषाढातला पाऊस, चार दिवस गेलेली वीज. बेपत्ता मुलीची तक्रार लिहून घेणारी महिला कॉन्स्टेबल, जिला उपनिरीक्षक सांगतो, पळून गेली असेल, दोन दिवस बघू. सहा भाग, सातवा नाही. ही कल्पना मी पुतण्याला फोनवर सांगितली. तो मोपाला रांगेत होता. सगळे ऐकून घेतले आणि म्हणाला, ‘बरें आसा काकी. पूण खुनी म्हूण ड्रायव्हराक दाखोवचो न्हय. सगळे आदीं आमकांच धरतात.’ मी म्हटले, कबूल, ड्रायव्हर नाही. मग कोण? तो थोडा थांबला. ‘पेपरांतलें कोणूय आसूं येता,’ म्हणाला, आणि मी काही बोलायच्या आत त्याचा नंबर लागला.